कोरड्या वावरात ओली माती

रविवारी शोभावहिनींच्या वावरात उद्घाटन होतं. घाटंजीत उद्घाटनं बरीच होतात, पण हे मी स्वतः बनवलेल्या मशीनचं होतं... त्यामुळे पुढारी कोणी फिरकले नाहीत.

पन्नाशी जवळ आली की लोक गुडघ्यांना तेल शोधतात. मी, शाळेत इतिहास शिकवणारा माणूस, यवतमाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकलो. सुरुवातीला नुसता एक दिवा लावायचा आणि विझवायचा. हे आपल्याकडे बटणानेही होतं, असं बायकोने लक्षात आणून दिलं.

मग शेजारच्या शोभावहिनींच्या विहिरीवरच्या मोटरचं काम अंगावर घेतलं. कापसाने लागोपाठ दगा दिल्यावर त्यांचा नवरा राजूरच्या कोळसा खाणीत लागला आणि वावर वहिनींवर आलं. निम्मा आठवडा विजेची लाइन रात्रीच येते... तेव्हा टॉर्च आणि काठी घेऊन एकटीने विहिरीवर जायचं. मध्यंतरी मोटरच्या पेटीवरच साप बसलेला निघाला.

मोटर आपोआप लावणारं बाजारातलं ऑटो लावून पाहिलं होतं. पण ते लाइन आली की सुरू होतं, जमीन ओली असो की कोरडी. कपाशी पिवळी पडली. माझं मशीन आधी मातीत रोवलेल्या दोन सळ्यांकडून ओल तपासतं, आणि माती कोरडी असेल तरच मोटर लावतं.

"भाऊजी, खेळणं नोका देऊ मले," वहिनींनी आधीच बजावलं होतं. "चालत नसन तर सांगून द्या, टॉर्चले नवे सेल आणाव लागन."

पूजा झाली, नारळ फुटला. मी बटण दाबलं. मोटर गप्प.

"सर, मशीन बी सरकारी नोकरीत लागली काय?" मोटर दुरुस्त करणारे सलीमभाई म्हणाले. "रविवार पाळून राह्यली."

वायरी तपासल्या, प्रोग्राम तपासला. स्क्रीनवर एकच उत्तर... माती ओली आहे. पावसाचा पत्ता नाही, वावराला भेगा पडलेल्या, आणि हे म्हणतं ओली. आकडेवारी खात्यात सहज खपलं असतं.

वहिनी पूजेचं ताट उचलायला वाकल्या, म्हणून माझंही लक्ष खाली गेलं. सळ्या रोवल्या होत्या तिथेच हळदकुंकू, तिथेच नारळाचं पाणी, आणि वर तांब्याभर विहिरीचं.

"मंग, पूजेले पाणी नाई लागत का?" वहिनी म्हणाल्या.

लागतं. क्लासमध्ये हे शिकवलं नव्हतं, एवढंच.

सळ्या उपटून पलीकडच्या कोरड्या मातीत रोवल्या. पेटीत टक् झालं आणि मोटरने घूं सुरू केलं. सलीमभाई थोडा वेळ ऐकत उभे राहिले. "झूठ नही बोलती," म्हणाले आणि बिडी पेटवली.

काल वहिनी भेटल्या, सांगत होत्या. रात्री मोटरच्या आवाजाने जाग आली, सवयीने हात टॉर्चकडे गेला... मग आठवलं, आणि कूस बदलून झोपल्या.

माझ्यामुळे लोकांना झोप लागते हे मला नवीन नाही, इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्गच्या वर्ग झोपवलेत. पण त्यासाठी कोणी आभार मानले, ते पहिल्यांदाच.