लाल दोऱ्याची जोडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका.

भिलाईचा पोलादाचा कारखाना वाढवत होते तेव्हाची, सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी भंडाऱ्याकडचा, सुखदेवही तिकडचाच. दोघे इलेक्ट्रिशियन, एकाच क्वार्टरमध्ये राहायचो. ॲम्प्लिफायर बनवायचं वेड दोघांनाही — पण कान त्याला होता, मला नव्हता. हे मला सलायचं. फार सलायचं.

ॲम्प्लिफायरच्या शेवटी दोन ट्रान्झिस्टर असतात. आवाजाची अर्धी लाट एक ओढतो, उरलेली दुसरा. दोघांची ताकद सारखी नसली की आवाज फाटतो, आणि जास्त ओढणारा तापून जळतो. सुखदेव दहा-बारा तपासून एक जोडी काढायचा. मीटरवर सारखे दिसले तरी कानाला पटेपर्यंत ऐकत बसायचा, मगच लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेली जोडी पुन्हा तपासायची नाही, ही त्याची रीत.

त्या वर्षी त्याच्या समाजाच्या वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी त्यानं ॲम्प्लिफायरचं मशीन बांधलं. त्याचा बाप गावाहून येणार होता — आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलायला. फक्त जोडी बसवायची राहिली होती. सुखदेव ड्यूटीवर गेला आणि मी दोरा सोडला. माझ्या मशीनला त्याच्यासारखा आवाज येतो का, एवढंच पाहायचं होतं. घाईत तारा उलट्या जोडल्या. एक जळाला. मी डब्यातला तसाच दिसणारा दुसरा उचलला, दोरा पुन्हा बांधला — आणि गप्प बसलो.

एप्रिलचं ऊन. म्हातारा चार वाक्यं बोलतो न बोलतो तोच आवाज घोगरा झाला, फाटला, मग धूर निघाला. मागचे लोक हसले. म्हातारा माइकसमोर ओठ हलवत उभाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवनं मशीन उघडलं. दोन्ही ट्रान्झिस्टर काढून त्यांच्यावरचे बारीक आकडे जुळवून पाहिले. मग म्हणाला, "भाऊ, हे माही जोडी नोहे. दोरा तूनं सोडला का?"

हळूच विचारलं हो त्यानं. ओरडला असता तर? — नाही, तरी मी तेच केलं असतं.

"मले चोर म्हणून राहिला का?" म्हणत मी हातातली पक्कड त्याच्या कानावर हाणली. तो पडला. पडल्यावरही हाणली — दोनदा, तीनदा, त्याच कानावर. कुठे मारतोय ते मला कळत होतं. रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरत होतं आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

दवाखान्यात त्यानं सांगितलं, शिडीवरून पडलो. माझी नोकरी वाचली. त्याचा डावा कान गेला.

त्यानंतर त्यानं एकही जोडी बांधली नाही. उरलेल्या जोड्या माझ्या खाटेवर ठेवून दुसऱ्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. त्याच्या बापाला मरेपर्यंत वाटत राहिलं की पोराच्याच हातून काहीतरी चुकलं.

त्यानं विचारलं होतं, दोरा तूनं सोडला का. मी उत्तर दिलंच नाही.

हो. मीच सोडला होता.