हर्नियाचे टाके

पँटचा पट्टा दोन्ही हातांनी वर ओढायचा आणि म्हणायचं, "मले काय होते?" कुठल्याही प्रश्नाला त्याचं हे एकच उत्तर. असा एखादा इसम तुमच्याही ओळखीत असेल, आठवून बघा. जगातले सगळे रोग दुसऱ्यांसाठी आहेत, अशी ज्याची पक्की समजूत असते.

माझ्या ओळखीतला हा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या राखेचा ट्रक चालवायचा. मी एचआयव्हीची समुपदेशक. आठवड्यातून दोनदा ट्रकवाल्यांच्या चहाटपरीवर जायचे. बाकीचे ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणत. कशातला उस्ताद, देव जाणे.

त्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी टपरीवर सुंतेचा विषय काढला. बाईकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका त्याने कमी होतो. संपत नाही, निरोध लागतोच. आणि जखम भरेपर्यंत सहा आठवडे बाईपासून लांब राहायचं. ड्रायव्हर काही मूर्ख नव्हते. किती दिवस गाडी सोडा लागन, दुखते का, घरी काय सांगायचं, असं सरळ विचारत होते. दोघे तर नाव द्यायला उठलेसुद्धा.

उस्तादने पट्टा ओढला. "काहून गा, धरम बदलून राहिला का? बायको काय म्हणन?"

टपरी हसली. दोघे खाली बसले. हातातला चहा त्याच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं.

दोनेक महिन्यांनी हाच उस्ताद आमच्या समुपदेशनाच्या खोलीत आला. लुंगी नेसून, पाय फाकवत. हुडकेश्वरच्या एका खासगी डॉक्टरकडून गुपचूप सुंता करून घेतली होती. घरी आणि टपरीवर सांगितलं होतं, हर्निया.

"रक्त साफ निघालं, मॅडम. कोणाले सांगू नका. आता तं आपण पक्के झालो."

"सहा आठवडे थांबा. आणि पुढेही निरोध."

"मले काय होते?"

पंधराव्या दिवशी टाके उसवून हजर. कन्हानला एका बाईकडे जाऊन आला होता, ओल्या जखमेनिशी, निरोधाशिवाय. इतका गाढव माणूस मी या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

तीन महिन्यांनी त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता बायकोची तपासणी हवी होती, आणि तिला खरं त्यानेच सांगायचं होतं. महिनाभर टाळलं. शेवटी आणलं, आणि दारातच तिला म्हणाला, "हर्निया घरच्यालेबी लागते म्हणते, रक्त देऊन टाक."

ती खुर्चीत बसली. पदर नीट केला.

"हर्नियाचे टाके कुठं असते, मले माहीत हाय. माह्या भावाचे पाहिले ना. अन् तुमची लुंगी मीच धुतली. आता खरं बोला."

बोलला. फरशीकडे बघत, अडखळत, पण सगळं बोलला. ती रडली नाही. तिने हात पुढे केला, मी सुई काढली.

रिपोर्टला अर्धा तास होता. तो दारातच उभा राहिला. मग आत येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, हिले तं काही झालं नाही ना?"

दुसऱ्या कोणाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मला क्षणभर त्याची कणव आली, खोटं कशाला बोलू. लगेच रागही आला, की एवढं कळायला एवढं व्हावं लागलं.

तिचा रिपोर्ट साफ होता. तीन महिन्यांनी दुसराही साफ आला. मी त्याला म्हटलं, एचआयव्हीच्या गोळ्या चालू ठेवा, आणि टपरीवर जाऊन, नाव द्यायला उठले होते त्या दोघांशी एकदा बोला. "पाहतो," म्हणाला. पाहिलं कसलं. गाडी सोडली आणि बायकोच्या माहेरी, उमरेडला निघून गेला. टपरीवर कोणाला काही बोलला नाही.

मी अजून तिथे जाते. परवा त्या दोघांपैकी एकाला म्हटलं, ऑपरेशन राहू द्या, निदान रक्त तरी तपासून घ्या.

त्याने पँटचा पट्टा दोन्ही हातांनी वर ओढला.

"मले काय होते, मॅडम?"