लॅक्स्टनची बिनबांधाची शेतं

नॉटिंगहॅम सोडून पाऊण तास झाला तसे रस्ते अरुंद झाले, दोन्ही बाजूंची झुडपांची कुंपणं अंगावर आली. मग एका वळणावर ती एकदम संपली. समोर नुसती उघडी जमीन, ओली, चढावर लांब पट्ट्यांत विभागलेली.

"हेच लॅक्स्टन, बाबा," मुक्ता म्हणाली. माझी मुलगी इथे डॉक्टर आहे.

इंग्लंडात बाकी शेतांना फार पूर्वीच कुंपणं घातली गेली. इथे मात्र मध्ययुगातली वहिवाट टिकून आहे. गावाची मोठी सामाईक शेतं, त्यांत प्रत्येकाच्या पट्ट्या विखुरलेल्या, मध्ये बांध नाही. खाली 'साइक' (न नांगरलेलं सखल गवत) दिसलं. बघायला गेलो आणि माझा बूट चिखलात रुतला. पाय तेवढा बाहेर आला.

कुत्रा फिरवणाऱ्या एका सत्तरीच्या बाईंनी हात दिला. नाव मार्गारेट, गावातल्याच शेतकरी. मोजे वाळवायला त्या आम्हाला पबमधल्या शेकोटीजवळ घेऊन गेल्या. गरम सूप आलं.

"बांध नाही, मग हद्द कशी राहते?" मी विचारलं.

"हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही पंच शेत चालून बघतो. कुणाचा नांगर पुढे गेला असेल तर खुंटी ठोकतो. एका वर्षी माझ्या भावाच्याच पट्टीत मी ठोकली."

"मग?"

"ख्रिसमसला आला नाही. ईस्टरला आला."

मुक्ता हसली. "आमच्या काकांनी बाबांचा बांध कोरला. अकरा वर्षं बोलणं बंद आहे."

मी चमचा खाली ठेवला आणि मराठीत म्हणालो, "मुक्ता, दादानं नाही कोरला. मी कोरला. ऊस लावताना, दोन सऱ्या."

मार्गारेटनी चहा मागवला.

परतताना गाडीत मुक्तानं विचारलं, "काकांना माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. त्यानं चारचौघांत कधी काढलं नाही, एवढंच."

तिनं गाडी कडेला घेतली आणि काकांना फोन लावून माझ्या हातात दिला. आमच्या गावी तेव्हा संध्याकाळ असणार. मी चुकतमाकत सगळं सांगितलं.

"ऊस तुटला की ये," दादा म्हणाला. "रान मोकळं असेल तेव्हा दोघं मिळून मोजू."

मोजून झालं. इंग्लंडात काय पाहिलं, असं लोक विचारतात तेव्हा मला राजवाडे फारसे आठवत नाहीत. अकरा वर्षं मी नदीवर लांबच्या रस्त्यानं जायचो. आता दादाच्या रानातून जातो.