काळ्या रानातली एक फेरी

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षाच्या भाद्रपदातली ही गोष्ट. नवऱ्याला तोंडावर मी अहो म्हणत असे. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून इथे नुसतं नवरा लिहिते.

नगरला आमच्या थोरल्या दिरांचं गॅरेज होतं आणि नवरा त्यांच्या हाताखाली काम करायचा. मिलिटरीच्या लिलावातून आणलेल्या भंगारात एक मोडकी मोटारसायकल होती. नवऱ्याने दोन वर्षं खपून ती उभी केली. माझ्याशी दिवसात चार शब्द बोलायचा नाही, पण तिच्याशी बोलायचा, मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती चालू झाली तशी दिरांना ती आपली वाटू लागली. छपराखालचं सगळंच ते आपलं मानत, आम्हा दोघांनाही. त्यांनी परस्पर संगमनेरच्या एका माणसाला गाडी द्यायचं कबूल केलं. त्यावरून भावाभावांत आठ दिवस धुसफूस चालली. शेवटी दिरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. काष्टीला रविवारी मोटारसायकलींची शर्यत आहे, आदल्या दिवशी वेळ लावून आठ जण निवडणार आहेत. त्या आठात आलास तर गाडी तुझी. नाही आलास तर ती संगमनेरला जाईल आणि तू पुन्हा तिचं नाव काढायचं नाहीस.

शनिवारी आम्ही टेम्पोतून निघालो. दीर आणि संगमनेरचा माणूस पुढे बसले, मागे गाडी, नवरा आणि भाकऱ्या घेऊन मी. जाऊबाईंनी यायचं नाकारलं होतं, नाहीतर मला कोणी नेलं नसतं. वाटेत नवऱ्याने एकदाच तोंड उघडलं, ते पदर गाडीच्या तेलाला लागेल एवढं सांगायला. तेही पदराच्या काळजीने नाही, तेल पसरून गाडी पुन्हा पुसावी लागेल म्हणून.

काष्टीच्या पलीकडे एका बागायतदाराचं काळं रान पडीक होतं. त्यात चुन्याने वाट आखली होती. बारा गाड्या आल्या होत्या. दहा ते बारा या वेळात ज्याला हवं तेव्हा त्याने एक फेरी मारायची, घड्याळ एका ड्रिलमास्तरांच्या हातात, आणि वेळ खुर्चीवर टेकवलेल्या फळ्यावर खडूने लिहायची. बारानंतर आलेल्याची फेरी धरायची नाही. त्या दिवशी तिथला बाजार असतो, त्यामुळे बघायला पुष्कळ माणसं जमली होती. बायका म्हणाल तर मी एकटीच. मी टेम्पोच्या आडोशाला उभी राहिले.

सकाळी वर ढग होते, पण जमीन कोरडी होती. चौघे जण लगेच जाऊन आले. नवऱ्यालाही जायचं होतं, पण दीर म्हणाले, थांब, सगळ्यांचं बघून जा. त्यांचा शब्द मोडायची सवय त्याला नव्हती. तेवढ्यात पाऊस आला, चांगला मोठा. सगळे एका ट्रकच्या ताडपत्रीखाली शिरले.

माझं माहेर काळ्या मातीतलं. ही माती कोरडी असते तेव्हा चालते आणि भर पावसातही चालते, कारण पाणीच तिला चाकावरून धुऊन काढतं. पाऊस थांबून ऊन पडलं की मात्र ती चिकटते आणि सोडत नाही. हे तिथल्या शेरडामागच्या पोरींनाही कळतं. नवरा मुरमाड गावचा, आणि जन्म गॅरेजात गेलेला.

चार माणसांत मी कधी बोलत नसे. तरी मी त्याच्या मागे जाऊन हळू म्हणाले, "अहो, पाऊस हाय तवर जाऊन या. ऊन पडलं की माती चाक धरील."

त्याने ऐकलं. मग मोठ्याने म्हणाला, "दादा, ऐकलं का? ही मला गाडी शिकवती."

दीर माझ्याकडे न बघता बोलले. "चौथीच्या पुस्तकात गाडीचा धडा हुता का, इचार तिला."

ताडपत्रीखालचे सगळे हसले. संगमनेरचा माणूस हसला. माझा नवरा सगळ्यांत जास्त वेळ हसला. मी पदर पुढे ओढून पावसातून टेम्पोकडे आले.

त्या पावसात मिरजगावचा एक ट्रकवाला आपली मोटारसायकल घेऊन निघाला. दोनदा घसरला, पण फेरी पुरी करून आला. त्याचं बघून आणखी दोघे गेले आणि तेही परतले. फळ्यावर सात नावं झाली. एक जागा उरली. मग पाऊस उघडला आणि लख्ख ऊन पडलं. दीर हात चोळत म्हणाले, आता बघा.

पहिला गेला तो पहिल्याच वळणावर अडकला. दुसरा त्याच्या थोडा पुढे. म्हणजे आता वेगाने जायची गरजच नव्हती. जो कसाही फेरी पुरी करील तो आठवा. नवरा गाडीवर बसून हातमोजे चढवत होता. मी त्याच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. चाकावरचा पत्रा अगदी खाली बसवलेला होता, मध्ये दोन बोटं जागा. माझे वडील पावसाळा लागला की सायकलचे दोन्ही पत्रे काढून ठेवायचे, नाहीतर त्यात चिखल भरून चाक जाम होतं. त्याचा पत्रा चार नटांवर होता आणि पाना त्याच्याच खिशात होता. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

मी बोलले नाही. लाजले म्हणून नाही. लाज तर मघाच गेली होती. मला तो अडकायला हवा होता. खोटं कशाला लिहू.

तो दुसऱ्या वळणापर्यंत गेला. पुढचं चाक फिरायचं थांबलं आणि घसरत राहिलं. खाली उतरायचं सोडून तो जोर देत राहिला. गाडी किंचाळली, क्लच जळल्याचा वास आमच्यापर्यंत आला, मग ती बंद पडली. त्याच्या मागून गेलेला एक जण अडकताच खाली उतरला, काठीने चिखल उकरत, गाडी ढकलत घामाघूम होऊन बाराच्या आत आला. त्याचं नाव आठवं लागलं.

गाडी उचलून आणायला चार माणसं लागली. दीर संगमनेरच्या माणसाला म्हणाले, आजच टेम्पोतून पुढे घेऊन जा, क्लच मी नंतर येऊन बदलून देतो. नवरा गाडीमागून चालत आला. माझ्यापाशी आल्यावर चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिनं मागनं टोकलं. टोकल्यावर काय हुनार?"

माणसं पांगेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "पुढचा पत्रा काढला असता तर चाक फिरलं असतं. माझे वडील सायकलचा काढायचे."

त्याने चाकाकडे पाहिलं. वाकून पत्र्याखाली बोट घातलं. मग वर न बघता विचारलं, "मंग तवा का न्हाई बोललीस?"

"एकदा बोलले हुते की."

तो मारेल असं मला वाटलं. मारलं नाही. पत्र्यातला चिखल तो बोटाने काढत बसला, कारण संगमनेरच्या माणसाला गाडी धुऊन हवी होती. दिरांनी मला विहिरीचं पाणी आणायला सांगितलं. मी गेले, आणि बादली भरून झाल्यावरही पुष्कळ वेळ तिथेच बसून राहिले.