शीर, वारं आणि सांतानचं तोंड

दवाखान्यात औषधाच्या बाटल्या रिकाम्या होत जातात, किस्से मात्र साठत जातात. एक सांगायला घ्यावा तर आणखी चार आठवतात आणि समोरचा चहा गार होतो.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी वसईत, पाचूबंदरच्या रस्त्याला दवाखाना टाकला. मेंदू, मज्जारज्जू, नसा, सगळं इंग्रजीत शिकलेलो. पेशंट काय म्हणतोय ते मला कळेना, मी काय म्हणतोय ते पेशंटला. आणि माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही तर लोक सरळ मांत्रिकाकडे जाणार, ही धास्ती.

*

पक्षाघात झाला की लोक ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, एवढं शिकून मी खूश होतो. एक कोळी पाय बधिर झाला म्हणून आला. मी जाणकाराच्या थाटात विचारलं, "अंगावरून वारं कधी गेलं?"

तो म्हणाला, "रोजच जातं, डाक्टर. होडीवर दुसरं काय जानार?"

तासन् तास एकाच मांडीवर बसून जाळं विणल्याने त्याची नस दबली होती, इतकंच.

*

वटारचा एक वाडीवाला केळीचे घड उचलून कमरेत धरला होता. कळ थेट टाचेपर्यंत. शीर आखडली, म्हणाला. मी समजावलं की शीर रक्ताची असते, हे दुखणं मज्जातंतूचं.

त्याचा चेहरा पडला. "बसवत नाही, झोपवत नाही, आणि तुम्हाला यात मज्जा दिसते?"

त्या दिवसापासून मी तो शब्दच टाकला. रक्ताची असो नाहीतर कसलीही, माझ्या दवाखान्यात सगळी शीरच.

*

मुंबईला गिरणीत जाणारा एकजण दारातूनच म्हणाला, "फिटचं लिहून द्या." मी घाबरून त्याला बसवलं, जीभ चावली गेलीय का ते पाहिलं. फिट किती दिवसांनी येते, विचारलं. आजारातून उठलो की लागतं, साहेब मागतो, म्हणाला. मला काही उमजेना.

"फिट आल्यावर शुद्ध हरपते का?"

"कोणाची? साहेबाची?"

त्याला कामावर रुजू होण्यासाठी तब्येत ‘फिट’ असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं!

*

सांतान तांडेलाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सांतान आणि त्याचा चुलतभाऊ पेद्रू यांचं एका जाळ्यावरून भांडण पेटलं होतं. सांतानने क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली, जाळं माझंच. आठवडाभरात एका सकाळी त्याचं तोंड डावीकडे वाकडं झालं. उजवा डोळा मिटेना, ओठातून चहा गळायचा. पेद्रूने गावभर सांगितलं की खोट्या शपथेने तोंड फिरलं. आणि सांतानच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. अर्नाळ्याच्या व्याह्यांनी निरोप पाठवला, खोटारड्याच्या घरची मुलगी आम्हाला नको.

मी त्याला शीळ घालायला सांगितलं. नुसती हवाच निघाली. हे चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं, सूज उतरली की बहुतेक उतरतं, असं मी सांगितलं. सांतानने माझा हात धरला. "हे अर्नाळ्याला येऊन सांगा, डाक्टर. पोरीचं तोंड बघवत नाय."

गेलो. व्याही पेशाने मासळीचे व्यापारी, शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "शीर सुजायची तर शपथेनंतरच कशी सुजली?"

कुणालाही, कधीही होतं, असं काहीतरी मी बोललो. सांतान मान खाली घालून बसला होता. मला त्याची फार दया आली. शेवटी व्याही म्हणाले की तोंड सरळ झालं तर लग्न करू, तोवर थांबू.

दीड महिन्यात तोंड सरळ झालं. लग्न लागलं, बँड वाजला. सांतान इतका हसत होता की त्याची बायको म्हणाली, आता आवर.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच कुणीतरी मागच्या दाराने आत आलं. तोंडाला पंचा गुंडाळलेला. पंचा सोडला तेव्हा कळलं, पेद्रू. तोंड उजवीकडे गेलेलं, डाव्या डोळ्यातून पाणी.

मी काही विचारायच्या आत तोच अर्ध्या तोंडाने बोलला.

"डाक्टर, सांतानला होती तीच शीर मला सांगा. आनि गावात येऊन सांगा."