देवीच्या खपल्यांची नळी

धाड गावाजवळच्या एका खेड्यातला तो तपास आठवला की अजूनही ऊर भरून येतो. महाराष्ट्र राज्य नवे होते आणि मीही नवा फौजदार होतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर.

गावातल्या एका मुलाला देवी आल्याचा संशय होता. डॉक्टरांनी त्याच्या अंगावरच्या शेवटच्या खपल्या काचेच्या नळीत घेऊन नळी पेटीत ठेवली. विषाणूच्या कवचातली प्रथिने तपासून प्रयोगशाळा देवी की कांजिण्या ते सांगणार होती. देवी ठरली तर आठवडी बाजार बंद ठेवून घरोघर लस टोचावी लागणार होती. तेवढ्यात नळीच पेटीतून नाहीशी झाली. मुलाच्या अंगावर आता एकही खपली उरली नव्हती.

डॉक्टरांची पेटी वाहणाऱ्या शिपायाला हवालदाराने ठाण्यात बसवले.

"साहेब, दोन ठेवून देऊ का? पोपटासारखा बोलते पाहा."

मी हात लावू दिला नाही. शिपाई रडकुंडीला येऊन एकच सांगे : पेटी फक्त मुलाच्या ओसरीवर ठेवली होती, चहापुरती.

त्या गावात बांगड्या भरणारी कासारीण ठाण्यावरून चालली होती. तिने सहज सांगितले, "पोराले न्हाऊ घातलं, तरी लिंबाचा डहाळा दाराले तसाच हाय. देवीची बोळवण काऊन अडली, ते इचारा."

देवी ओसरली की डहाळा आणि खपल्या नदीत सोडून तिला निरोप देतात. डॉक्टरांना आणि पेटीला जीपमध्ये घेऊन मी लगेच निघालो. बूट काढून ओसरीवर बसलो आणि मुलाच्या आईला म्हणालो, "ताई, देवी अजून घरातच आहे ना?"

"हाव साहेब. अर्धी देवी तुमी पेटीत कोंडान, अन् अर्धी मी नदीले सोडू? कोपली मंजे? माह्यं एकच लेकरू हाय."

"मग नदीला का नाही सोडली?"

"मंगळवारची वाट पाहून राह्यली."

"बाजार मंगळवारच्या आधी आहे, ताई. तिथं वीस गावची लेकरं येतील. नळी तपासल्याशिवाय तो बंद करता येणार नाही."

तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग देव्हाऱ्यातून नळी आणून म्हणाली, "मंग बोळवण तुमच्या गाडीतूनच करा. पण ओटी भरल्याबिगर जाऊ देत नाही."

जीपमधल्या पेटीवर तिने हळदकुंकू वाहिले, खण-नारळ ठेवला. डॉक्टर पुटपुटले, "फौजदार, हे काय चाललंय?" मी म्हणालो, "पंचनामा."

अहवाल आला : देवीच. बाजार बंद राहिला. टोचणाऱ्यांना पाहून दारे लागू लागली, तेव्हा तीच बाई पुढे होऊन कड्या वाजवू लागली. "उघड बे! देवीले मी सोता गाडीत बसवून देली." गावात दुसरे लेकरू आजारी पडले नाही.

चोरीचा गुन्हा मी नोंदवला नाही. माणूस काय लपवतो आहे, यापेक्षा कशाला घाबरला आहे हे आधी शोधावे, हे मी त्या ओसरीवर शिकलो. पुढे सारी नोकरी त्यावरच केली.