तारेच्या पलीकडं बसलेली सुमन

सुमन गेली, आणि मला काळजी करायला माणूसच उरलं नाही.

सवय मात्र गेली नाही. गॅस बंद केलाय का, ते अजून उठून उठून बघतो.

आज माझ्या बायकोचं पहिलं पुण्यस्मरण. वालूरला सगळे नातेवाईक जमलेत. जो तो तिच्या हातच्या धपाट्यांबद्दल बोलतोय.

मला मात्र न्यूझीलंड आठवतंय.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्यात काही चुकलं तर पोटात घाला.

आमची मुलगी रेखा तिकडं नर्स आहे. आम्ही गेलो तेव्हा तिनं एका दिवसाच्या अॅडव्हेंचर टूरचं बुकिंग केलं. तिला ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो; बरोबर गाईड आणि टूरमधली परकी माणसं.

सकाळी भन्नाट पळणारी बोट. मी सगळा वेळ दांडी धरून.

मग अंधारी गुहा. छताला किडे चांदण्यांसारखे चमकतात म्हणे.

"अहो, वर बघा की! मान खाली घालून काय बसलाव?"

"डोकं आपटंल."

त्यानंतर तार. या डोंगरावरून त्या डोंगरावर, लोंबकळत जायचं. खाली नदी.

मी गाईड पोरीला खुणेनं विचारलं, तार किती जुनी? ती हसली आणि अंगठा दाखवला. मी पुन्हा तार बघितली.

सुमननं नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला. त्यावर हार्नेसचे पट्टे चढले, डोक्यावर हेल्मेट आलं.

मग पोरीनं तिच्या गळ्याकडं बोट दाखवलं. काढा, लॉकरमध्ये ठेवा.

गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. आम्ही लिंगायत. आमच्यात ते जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत.

मी म्हणालो, "काढ गं घडीभर. इथं कोण बघायलंय?"

"मी हाय की बघायला."

रेखाला फोन लावला. तिनं स्पीकरवर इंग्रजीत सगळं समजावलं. पोरीनं ऐकून घेतलं, पण मान हलवली. लोंबती वस्तू चालत नाही.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आता ही काही जात नाही.

सुमननं माझ्यापुढं हात केला.

"दस्ती द्या."

माझी घाम पुसायची पांढरी दस्ती. तिनं ती डबीवरून छातीला गच्च आवळून बांधली आणि पोरीपुढं उभी राहिली. पोरीनं गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढली. मग वरून पट्टा कसला आणि हसली.

"मी पुढं जाते. तुमी माघून या."

"अगं, काही झालं म्हंजे?"

"झालं तर तुमी हावच की वरडायला."

आणि गेली.

ओरडली नाही. दरीतून तिचं हसणं तेवढं ऐकू आलं.

माझी पाळी आली. पाय उचललाच नाही.

पोरीनं दुसऱ्या गाईडला वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं, माझा हात धरला आणि मला मागच्या पायवाटेनं नेलं. खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा चढायचं.

सगळ्या वाटेनं एकच घोर. बाकीचे पुढं जेवायला गेले असतील. तिलाही नेलं असेल. भाषा येत नाही, फोन माझ्याकडं, दोघांचे पासपोर्ट माझ्याच खिशात. चुकली तर?

धापा टाकत पोचलो.

सुमन एका दगडावर मांडी घालून बसलेली. बाकीचे सगळे व्हॅनमध्ये. तिकडचा गाईड तिच्यापुढं हात जोडून उभा.

"ते आल्याबिगर मी हलत न्हाई."

मराठीतच सांगत होती. सगळ्यांना कळलं होतं.

मला बघून उठली. "आलाव? लय रमतगमत आलाव. चला, भूक लागली."

तिला भीती वाटली होती का, ते मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही.

गेल्या वर्षी ती दवाखान्यातच गेली. घरी आणलं ते तसंच.

आमच्यात दफन करतात. विधी करणाऱ्या स्वामींनी तिचं इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं काही मिटेनात.

मी खिशातली दस्ती काढून दिली. तीच.

हात बांधून झाल्यावर मी गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढली.

लोक म्हणाले असतील, म्हाताऱ्याला इथंही काळजी.

गाठ पक्की होती.

सुमन, तुला माझं शरणार्थ.

जिथं असशील तिथं एखादा दगड बघून बस.

मी पायवाटेनं येतोय.